मोटारमुक्त वाटेवर गटानं सायकल: रविवारच्या फेरीपासून कामावरच्या रोजच्या प्रवासापर्यंत

सायकल चालवता येते, सायकल घरात आहे, जवळून मोटारींना मज्जाव असलेली एखादी वाटही जाते, आणि तरी सायकल जिन्याखाली धूळ खात पडून असते. अशा माणसाला अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा गुडघा किंवा दम नसते. ती वाट कुठे निघते, मध्ये काय लागतं, पंक्चर झालं तर कोण मदत करणार, परतायला उशीर झाला तर वाट सुनसान होते का, यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि अनोळखी वाटेला एकट्यानं लागायला मन धजत नाही. चार माणसं सोबत असली की यातले बरेच प्रश्न एका सकाळीच सुटतात.

म्हणून गट हवा. पण गटानं फिरून येणं एवढ्यावर मी समाधान मानत नाही. रविवारी सोबत आलेला माणूस पुढे कधीतरी मंगळवारी सकाळी त्याच वाटेनं आपला आपण कामावर जायला लागला, तर गटानं आपलं काम केलं असं मी म्हणेन. पुढचं सगळं हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

## आधी वाट पारखा

नवख्यांसाठी सर्वांत चांगली वाट म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे मार्ग आखतानाच डोंगर कापून आणि खोलगट भाग भरून चढ सौम्य ठेवलेला असतो. शंभर मीटर अंतराला दोन मीटरपेक्षा जास्त चढ अशा वाटेवर क्वचितच लागतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल आणि बाथ या शहरांना जोडणारी सुमारे २१ किलोमीटरची वाट याचं ठळक उदाहरण आहे. १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये ‘सायकलबॅग’ नावाचा गट उभा राहिला. त्यातूनच पुढे सस्ट्रान्स ही सायकलवाटा उभारणारी संस्था झाली. या मंडळींनी १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांना हाताशी धरून ती वाट टप्प्याटप्प्यानं बांधली. आज तिच्यावर सुट्टीला फिरणारी कुटुंबं आणि कामावर निघालेली माणसं दोन्ही दिसतात. एका गटाच्या चिकाटीतून किती मोठं काम उभं राहतं, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

रेल्वेवाटेच्या काही अडचणीही असतात. ती कधी उंच भरावावरून तर कधी दोन्ही बाजूंच्या कापलेल्या दरडींमधून जाते, त्यामुळे एकदा वाटेला लागलं की बराच वेळ बाहेर पडायला जागाच मिळत नाही. मध्ये बोगदे असू शकतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय-स्पार्टा वाट ही रेल्वेमार्गावर झालेल्या अगदी सुरुवातीच्या वाटांपैकी एक. तिच्यावर तीन बोगदे आहेत, त्यातला सर्वांत लांब एक किलोमीटरहून मोठा आहे आणि आत दिवे नाहीत. तिथे सायकल हातात धरून, विजेरीच्या उजेडात चालत जावं लागतं. भर दुपारच्या फेरीलाही प्रत्येकाकडे दिवा हवा, असा आग्रह मी धरते तो अशाच जागांमुळे.

कालव्याकाठची वाट सपाट असते, पण अरुंद. पुलाखालून जाताना वळण आंधळं असतं, डोक्यावर कमान खाली येते आणि एका बाजूला पाणी असतं. जलद्वारांपाशी (बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांपाशी) छोटा पण चांगलाच उभा चढ लागतो. अशा वाटेवर गटानं एकामागे एकच जायचं, शेजारी-शेजारी अजिबात नाही. नदीकाठच्या आणि बागांमधल्या वाटा रुंद आणि रम्य असतात, पण तिथे चालणारे, धावणारे, मुलं आणि कुत्री यांची गर्दी असते.

वाट कोणतीही असो, गटाला नेण्याआधी एकदा दोघांनी ती पाहून यावी, आणि ज्या वारी, ज्या वेळी गट नेणार त्याच वेळी पाहावी. सकाळी सातची वाट आणि दहाची वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाहणीत या गोष्टी वहीत टिपून घ्या:

- वाट मोटाररस्ता ओलांडते त्या सगळ्या जागा. मोटारमुक्त वाटेवरचे गंभीर धोके बहुतेक इथेच असतात.
- मधले खांब, फाटकं, नागमोडी अडसर. त्यातून तीनचाकी सायकल, हातानं चालवायची सायकल, मागे मुलाची गाडी जोडलेली सायकल जाते का, हे प्रत्यक्ष मोजून पाहा. एखादा सदस्य फाटकापाशी अडकून परत फिरला, तर तो पुन्हा येईलच असं नाही.
- बाहेर पडण्याच्या वाटा, आणि त्या कोणत्या रस्त्याला मिळतात.
- पुलांवरचे क्रमांक किंवा अंतराचे दगड. अपघात झाला तर रुग्णवाहिकेला ‘झाडाखाली’ सांगून भागत नाही. जवळचा पूल आणि तिथवर येणारा रस्ता सांगता आला पाहिजे.
- पाणी, स्वच्छतागृह, सावली, आणि दहा जणांना वाट न अडवता थांबता येईल अशी जागा.
- पृष्ठभाग: डांबर, खडी, माती, वर आलेली झाडांची मुळं, पावसात चिखल होणारे तुकडे.

पाट्याही वाचा. रस्ताचिन्हांविषयीचा १९६८ चा व्हिएन्ना करार पाळणाऱ्या देशांत निळ्या गोलात पांढरी सायकल असली तर ती सायकलसाठी राखलेली वाट. त्याच गोलात पादचारीही असेल तर पाटीवर दोघांचे भाग वेगळे दाखवलेत की वाट एकत्रच आहे, ते पाहा. विजेवरच्या सायकलींचे नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी मदत, एवढ्या मर्यादेतली सायकल साधी सायकलच धरली जाते. त्यापुढच्या गाडीला सायकलवाटेवर जाता येईलच असं नाही. गटात अशी सायकल येणार असेल तर आपल्याकडचा नियम आधी पाहून ठेवा.

## किती जण, आणि कोण कुठे

मोटारमुक्त वाटेवर सहा ते आठ जणांचा गट आटोपशीर राहतो. हा आकडा का, ते पाहा. आठ सायकली एकामागे एक, मध्ये तीन-तीन मीटर सोडून चालल्या तर रांग सुमारे ३५ मीटर लांब होते. पुढच्यानं हाक मारली तर ती वाऱ्यात शेवटच्याला ऐकू येत नाही. समोरून लहान मुलाला घेऊन येणाऱ्या माणसाला एवढी रांग संपेपर्यंत कडेला उभं राहावं लागतं. सोळा जण आले तर दोन गट करा आणि दुसरा गट पाच मिनिटांनी सोडा. सगळ्यांनी मिळून जाण्याची मजा थांब्यावर घेता येते.

दोन माणसं ठरलेली हवीत: पुढे लीड, मागे स्वीप. लीडला वाट माहीत असावी लागते आणि स्वतःचा वेग गिळता आला पाहिजे. स्वीपचं काम त्याहून अवघड आहे. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये, पंक्चर काढता आलं पाहिजे, आणि सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या शेजारी राहूनही ‘मी तुझ्यासाठी थांबलोय’ असं त्याला वाटू देता कामा नये. गटातला सर्वांत जाणता, शांत माणूस मागे ठेवावा असं माझं ठाम मत आहे. बरेच गट नेमकं उलटं करतात.

वळणं आणि फाटे असतील तर एक साधी पद्धत वापरा. फाट्यावर लीड आपल्या लगेच मागच्या माणसाला उभं करतो आणि पुढे जातो. तो माणूस येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कुणी थांबतो. या पद्धतीत कुणी चुकत नाही, रांगेतली माणसं आपोआप बदलत राहतात आणि सगळ्यांच्या सगळ्यांशी गप्पा होतात. शिवाय नवख्याला पहिल्याच दिवशी एक जबाबदारी मिळते.

## बोलावणं कसं लिहावं

‘निवांत राइड, सगळ्यांचं स्वागत’ एवढं लिहिलं की नवखा येत नाही. त्याला ‘निवांत’ म्हणजे किती हेच कळत नाही. आकडे द्या. नमुना असा:

‘रविवारी सकाळी ७ ला वाटेच्या सुरुवातीच्या फाटकापाशी जमू, ७.१५ ला निघू. येऊन-जाऊन १६ किलोमीटर. वेग ताशी १२ ते १४, त्याहून जास्त नाही. वाट सपाट, दोन किलोमीटर खडी. रस्ता दोन ठिकाणी ओलांडायचा आहे, तिथे उतरून जाऊ. ८ व्या किलोमीटरला अर्धा तास थांबा, स्वच्छतागृह आहे. ५ व्या किलोमीटरवरून परत फिरता येतं, कुणीतरी सोबत येईल. कोणतीही चालू स्थितीतली सायकल चालेल. ९.३० पर्यंत परत.’

यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ‘५ व्या किलोमीटरवरून परत फिरता येतं’ हे वाक्य. मधूनच परतायची सोय उघडपणे सांगितली की माणूस निश्चिंत मनानं येतो, आणि बहुधा शेवटपर्यंत जातोही. आणि एकदा वेग लिहिला की तो पाळायचाच. पुढच्या दोघांनी ताशी २० नं पळायचं आणि दर किलोमीटरला थांबून बाकीच्यांची वाट पाहायची, ही नवख्यांना घालवून देण्याची खात्रीची रीत आहे. पुढचे थांबून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताक्षणी सगळे निघतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

## निघण्याआधीची दहा मिनिटं

जमल्यावर प्रत्येकानं आपली सायकल तपासावी, आणि ज्याला येत नाही त्याला शेजारच्यानं दाखवावं. टायर अंगठ्यानं दाबून पाहा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नये. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा. दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढे ढकला, चाक घसरलं पाहिजे किंवा मागचं उचललं गेलं पाहिजे. ब्रेकची मूठ दांडीला टेकत असेल तर तार ओढून घ्या. पुढचं चाक पायांत पकडून हँडल फिरवा, ते सैल फिरता कामा नये. चाकांचे नट किंवा क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायची खिट्टी) घट्ट आहेत ना पाहा. चेन कोरडी करकरत असेल तर तेलाचे थेंब टाकून जास्तीचं पुसून घ्या.

सीटच्या उंचीवर मात्र जरा वेळ द्या, कारण ‘सायकलनं गुडघे दुखतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा खाली ठेवलेली सीट असते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्याला हलका बाक उरतो, तीच बरोबर उंची. नवख्याला एवढ्या उंचीवर भीती वाटते कारण बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकत नाहीत. त्याला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायला शिकवा. तोवर सीट दोन बोटं खाली ठेवली तरी चालेल.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. जोरदार आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, आतला फोम दबलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

## वाटेवर

मोटारमुक्त वाट ही शर्यतीची जागा नाही आणि ती आपल्या एकट्यांचीही नाही. तिथे सर्वांत नाजूक माणूस म्हणजे चालणारा, आणि सर्वांत वेगवान आपण. मोटारींनी आपल्याशी जसं वागावं अशी आपली अपेक्षा असते, तसं आपण चालणाऱ्यांशी वागायचं.

घंटी कधी वाजवायची? ताशी १५ नं जाणारी सायकल ताशी ५ नं चालणाऱ्या माणसाला मागून गाठते तेव्हा वेगातला फरक १० चा असतो. तीस मीटरवरून घंटी वाजवली तर त्या माणसाला दहा-अकरा सेकंद मिळतात. एवढ्यात तो वळून बघतो, मुलाचा हात धरतो, कुत्र्याचा पट्टा आवरतो. पाच मीटरवर वाजवलेली घंटी त्याला फक्त दचकवते, आणि दचकलेला माणूस कोणत्या बाजूला उडी मारेल ते सांगता येत नाही. एकदा लांबून वाजवा, वेग कमी करा, ओलांडताना ‘मागे आणखी सात जण आहेत’ असं सांगा आणि आभार माना. आठही जणांनी घंट्या वाजवायची गरज नाही. कानात हेडफोन असलेला, ऐकू कमी येणारा, किंवा फोनवर बोलणारा माणूस हलणारच नाही असं धरून चाला आणि जागा असेल तेव्हाच हळू पुढे काढा. वाटेवर घोडेस्वार भेटले तर घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. लांबून बोला, घोड्याला आवाज ओळखीचा असतो.

शेजारी-शेजारी जायचं का? गटाची निम्मी मजा गप्पांत आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. चालती सायकल डोलण्यासकट सुमारे एक मीटर जागा घेते. तीन मीटर रुंदीच्या वाटेवर दोघं शेजारी चालले तर समोरून येणाऱ्या एकालाच जागा उरते, तीही काठोकाठ. तेव्हा लांबवर मोकळं दिसत असेल तर दोघं-दोघं जा, आणि समोर कुणी दिसलं की लगेच एकामागे एक. यासाठी एक शब्द ठरवून घ्या, ‘सिंगल!’ पुरतो. लीडनं म्हणायचं आणि प्रत्येकानं मागच्याला पुन्हा म्हणायचं, तोंडोतोंडी मागे पोहोचेपर्यंत. मागून कुणी वेगानं येत असेल तर तसंच मागून पुढे. खड्डा, काच, खांब दिसला तर हातानं दाखवा आणि बोलाही. गटात मागच्याला समोरचं दिसत नाही, त्यामुळे वाटेच्या मध्ये रोवलेला खांब त्याच्यासाठी एकदम समोर उगवतो. ‘खांब, मध्ये!’ ही हाक कधीही चुकवू नका.

रस्ता ओलांडताना पाळायचा नियम आम्ही फार कडकपणे पाळतो: ‘मोकळा आहे, या’ असं कुणीही ओरडायचं नाही. लीडनं पाहिलं तेव्हा रस्ता मोकळा होता, तो लीडपुरता. ३५ मीटरची रांग ताशी १० च्या वेगानं ओलांडायला बारा-तेरा सेकंद घेते, आणि एवढ्या वेळात मोटार कुठून कुठे येते. प्रत्येकानं थांबायचं, स्वतः दोन्हीकडे पाहायचं, मगच जायचं. पलीकडे गेल्यावर लीडनं लगेच वेग घ्यायचा नाही.

हा शेवटचा मुद्दा फाटकांनाही लागू पडतो. गटाची रांग हार्मोनियमच्या भात्यासारखी असते, पुढे जरा वेग कमी झाला की मागे सगळे दाटतात आणि पुढे जरा वाढला की मागच्याला जीव खाऊन पॅडल मारावं लागतं. अडसर, फाटक किंवा चढ पार झाल्यावर लीडनं चालण्याच्या वेगानं पुढे सरकत राहायचं, स्वीपकडून ‘सगळे आले’ असा निरोप तोंडोतोंडी येईपर्यंत. एवढं एक शिस्तीनं केलं तर मागचे दमत नाहीत.

ओल्या वाटेवर रिमवर दाबणारे ब्रेक उशिरा धरतात, डिस्क ब्रेकचा फरक कमी पडतो. दोन्ही ब्रेक आधीपासून हलके दाबत चला आणि मधलं अंतर दुप्पट ठेवा. ओली पानं, लाकडी पूल आणि लोखंडी झाकणं यांवर सायकल वाकवू नका, हँडल सरळ ठेवून पार करा. आणि मडगार्ड लावा, स्वतःसाठी नसलं तरी मागच्यासाठी. पुढच्याच्या चाकाचा चिखल तोंडावर घेत कुणी गप्पा मारत नाही.

थांबताना सगळ्यांनी सायकलीसकट वाटेच्या बाहेर उतरायचं. गटाबद्दल नाराजी होते ती बहुधा थांबलेल्या गटामुळे.

## पंक्चर

पंक्चर झालं की घाई नको. मागचं चाक असेल तर चेन आधी सर्वांत लहान चकतीवर आणा, म्हणजे चाक सहज सुटतं. टायर लिव्हरनं, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीनं, एका बाजूची कड बाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या. आता बहुतेक जण जी पायरी गाळतात ती: टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा आणि काटा, काच, तार शोधून काढा. ते आत राहिलं तर नवी ट्यूबही काही अंतरावर पंक्चर होईल. नव्या ट्यूबमध्ये गोल आकार येईल इतपत हवा भरा, टायरमध्ये बसवा आणि कड अंगठ्यांनी आत ढकलत न्या. शेवट व्हॉल्व्हपाशी होऊ द्या आणि तिथे व्हॉल्व्ह जरा आत दाबून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना पाहा. मग हवा भरा.

जागेवर पंक्चर चिकटवत बसू नका. ट्यूब बदला, चिकटवणं घरी. प्रत्येकानं स्वतःच्या मापाची ट्यूब आणावी, पंप आणि लिव्हर स्वीपकडे असले तरी पुरे. व्हॉल्व्ह वेगवेगळ्या प्रकारचे असतात, जसे बारीक प्रेस्टा आणि मोटारीच्या टायरसारखा श्रेडर. पंप गटातल्या सगळ्या व्हॉल्व्हना लागतो का, हे आधीच पाहून ठेवा.

## रविवारचा मंगळवार करताना

काही फेऱ्या झाल्या की गटात कुणीतरी म्हणतं, ‘ही वाट माझ्या ऑफिसच्या जवळून जाते.’ हे ऐकलं की त्या माणसाला सोडू नका.

पहिलं पाऊल: सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत जा. वाट ही मधला मोठा तुकडा सोडवते, अडचण दोन्ही टोकांना असते. वाट जिथे संपते तिथून दारापर्यंतचा एखादा किलोमीटर हाच बहुतेकांना परत मोटारीत बसवतो. त्या तुकड्यासाठी तीन-चार पर्याय चालवून पाहा. मोठ्या रस्त्याऐवजी मागच्या गल्ल्या, थोडी लांब पडली तरी चालेल अशी शांत वाट, आणि काहीच जमलं नाही तर दोनशे मीटर सायकल हातात धरून चालणं. चालण्यात कमीपणा नाही. मला उलट वाटतं की रोज टिकणारा प्रवास हा अशा तडजोडींवरच टिकतो.

दुसरं पाऊल: कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, सोबतीनं. आता वेळ मोजा. ताशी १५ नं ८ किलोमीटरला ३२ मिनिटं लागतात, पण फाटकं, ओलांडण्या आणि शेवटचा किलोमीटर धरून पाऊण तास धरा. सुरुवातीला वेग वाढवून वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नका. वेग जसा वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. ताशी १५ ऐवजी २० नं गेलं तर हवेशी झुंजण्यापुरती ताकद दुपटीहून जास्त लागते आणि ८ किलोमीटरला वाचतात जेमतेम ८ मिनिटं. तेवढी मिनिटं घाम वाळवण्यात जातात. सावकाश निघा, शेवटची पाच मिनिटं आणखी सावकाश चालवा, म्हणजे पोहोचेपर्यंत अंग थंड होतं.

तिसरं पाऊल: आठवड्यातून एकच दिवस, ठरलेला. आदल्या दिवशी कामाचे कपडे ऑफिसात नेऊन ठेवता आले तर ओझं निम्मं होतं. पाठीवरची सॅक पाठ भिजवते. कॅरियरला अडकवायची पॅनियर पिशवी घ्या, शक्य तर दोन, वजन दोन्हीकडे सारखं. लॅपटॉप पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळून, पॅनियरच्या आतल्या बाजूला. कुलूप लावताना सांगाडा आणि एक चाक मिळून न हलणाऱ्या लोखंडाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर तेवढंच चाक शिल्लक सापडतं.

## सायकलची बस

एकाच दिशेला जाणारे तीन-चार जण निघाले की वेळापत्रक ठरवा. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली मिनिटं. बार्सिलोनात २०२१ पासून मुलं आणि पालक अशाच ‘सायकल-बस’नं शाळेला जायला लागले, आणि ती कल्पना इतर शहरांत पसरली. मोठ्यांच्या कामाच्या प्रवासालाही ती तितकीच चपखल बसते.

इथे रविवारच्या गटाचा सर्वांत महत्त्वाचा नियम उलटतो, आणि हे सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगावं लागतं. रविवारी कुणालाही मागे टाकायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. कामाच्या दिवशी थांब्यावर दोन मिनिटं थांबायचं आणि निघायचं. जो आला नाही तो पुढच्या थांब्यावर गाठेल किंवा एकटा येईल. एकासाठी दहा मिनिटं थांबलेली बस दोन आठवड्यांत बंद पडते, कारण बाकीच्यांना ऑफिसात उशीर होतो. मात्र एकदा सोबत निघाल्यावर पंक्चर झालं तर किमान एकानं थांबायचंच, आणि तो कोण हे आठवड्याच्या सुरुवातीला ठरलेलं असावं.

कुणी आलं नाही तरी वेळापत्रक चालू ठेवा. ‘८.०५ ला पुलाखाली कुणीतरी असतंच’ एवढी खात्री पटली की नवे लोक न सांगता येऊन उभे राहतात.

## अंधार पडल्यावर

मोटारमुक्त वाटांची खरी उणीव इथे आहे. मोटारी नाहीत म्हणजे रस्त्यावरची माणसं आणि दुकानांचे दिवेही नाहीत. दिवसा सुखाची वाटणारी वाट संध्याकाळी अनेकांना, विशेषतः बायकांना, नको वाटते. ही भीती मनातून काढून टाक असं कुणाला सांगू नये. ती रास्त आहे. सकाळी सायकलनं आलेली बाई परतीच्या वाटेपायी सायकल सोडून देते, असं सर्रास होतं. म्हणून बस परतीचीही हवी, सकाळइतकीच वेळेवर, आणि सर्वांत आधी तिचीच वेळ ठरवा. रस्त्याकडेनं जाणारी, दिवे असलेली एक पर्यायी वाटही सगळ्यांनी मिळून चालवून ठेवा, म्हणजे बस चुकलेल्या दिवशी ती हाताशी असते.

दिव्यांबद्दल दोन गोष्टी. बिनउजेडाच्या वाटेवर पुढचा दिवा रस्ता दिसण्यासाठी लागतो, फक्त आपण दिसावं एवढ्यासाठी नव्हे. आणि तो खाली, चाकापुढे आठ-दहा मीटरवर पडेल असा वळवा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत गेला तर त्याला काही क्षण वाटेची कडच दिसत नाही. पुढचा लुकलुकणारा दिवा अशा वाटेवर बंद ठेवा. गटात मागचा लाल दिवाही मंद आणि स्थिर हवा, फक्त स्वीपचा जोरदार. अंधारात जागोजागी फांद्या, झोपलेली जनावरं, काळ्या कपड्यांत चालणारी माणसं असतात, तेव्हा जितकं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल असाच वेग. ताशी २० नं जाताना नुसतं सुचून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर निघून जातात, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर होते.

## गट वाढला की

माणसं वाढली की वेगाचे मतभेद येतात. ज्यांना ताशी २० हवं त्यांना वेगळी, वेळेनं आधीची फेरी काढून द्या आणि ती मोकळ्या, रुंद वाटेवर न्या. मूळ फेरीचा वेग मात्र वाढू देऊ नका. दर महिन्याला एक फेरी फक्त नवख्यांची ठेवा, आठ किलोमीटरच्या आतली. लीड आणि स्वीप दर फेरीला बदला, पहिल्यांदा करणाऱ्याच्या सोबत एक जुना ठेवा. नाहीतर एक-दोन माणसं आजारी पडली की गटच थांबतो.

वाटेवरच्या अडचणी टिपून ठेवायची सवय लावा: उखडलेला तुकडा, बंद दिवा, तीनचाकी न जाणारं फाटक. जागा, तारीख आणि छायाचित्र जोडून वाट सांभाळणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा, गटातल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी. काही झालं नाही तर महिन्यानं पुन्हा कळवा. नव्या सदस्याला पहिल्या महिन्यातच अशी एक तक्रार लिहायला द्या, म्हणजे वाट कोण सांभाळतं आणि कुणाला विचारायचं हे त्यालाही कळतं.